ऑर्डर रद्द झाली, मग हप्ता का चालू राहतो?

आमच्या वस्तीतली एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. आई चार घरची धुणीभांडी करते. ऑनलाईन क्लाससाठी तिने एका दुकानाच्या साईटवरून बत्तीस हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर मागवला. दुकानाशी जोडलेल्या फायनान्स कंपनीने दहा मिनिटांत कर्ज मंजूर केलं. लॅपटॉप आठव्या दिवशी आला, तोही स्क्रीनवर रेघ असलेला. तिने ऑर्डर रद्द केली. कुरिअरवाला माल परत घेऊन गेला. 'ऑर्डर रद्द झाली' असा दुकानाचा मेसेजही आला. विषय संपला असं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता कापला गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात खात्यात पैसेच नव्हते, म्हणून हप्ता बाउन्स झाला. बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा. दुकान म्हणतं, पैसे फायनान्सकडे पाठवले. फायनान्स म्हणतं, आमच्याकडे आलेच नाहीत. मग वसुलीचे फोन सुरू झाले, तेही आईच्या नंबरवर. घरात नसलेल्या लॅपटॉपचं कर्ज ही पोरगी तीन महिने लपवून फेडत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, 'दादा, चूक माझीच आहे.'

मला राग या वाक्याचा आला. चूक तिची कशी?

आधी व्यवहार समजून घेऊ. हप्त्यावर वस्तू घेताना आपण एक बटण दाबतो, पण करार दोन होतात. एक दुकानाशी खरेदीचा आणि दुसरा फायनान्स कंपनीशी कर्जाचा. पैसे आपल्या हातात येतच नाहीत, ते थेट दुकानाला जातात. खरेदी रद्द केली की पहिला करार संपतो. दुसरा मात्र दुकानाने फायनान्सला पैसे परत करून कर्ज खातं बंद होईपर्यंत चालूच राहतो. विकताना या दोन कंपन्या एका स्क्रीनवर एकत्र असतात. परत करताना त्या एकमेकींना ओळखत नाहीत, आणि दोघींमधला निरोप्या होतो ग्राहक.

कोणी म्हणेल, रिझर्व्ह बँकेने 'कूलिंग ऑफ' मुदत दिली आहे की! दिली आहे. डिजिटल कर्ज घेतल्यावर या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. पण अट वाचा. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च कर्जदाराने परत करायचा. मुद्दल तर दुकानाकडे गेलेलं असतं, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरीने बत्तीस हजार आणायचे कुठून? शिवाय २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ही सवलत किमान तीन दिवसांची होती. मे २०२५ च्या निर्देशांत ती किमान एक दिवसावर आली. माल आठव्या दिवशी येणार आणि विचार बदलायची मुदत एक दिवस! हा नियम हप्त्यावर वस्तू घेणाऱ्यासाठी बनलेला नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

याला पर्याय नाही असंही नाही. युरोपियन युनियनच्या २००८ च्या ग्राहक कर्ज निर्देशात सोपी तरतूद आहे. ग्राहकाने कायद्याने मिळालेला हक्क वापरून खरेदीतून माघार घेतली, तर त्या खरेदीला जोडलेलं कर्जही त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. दोन कंपन्यांनी आपसात हिशेब करावा. आपल्याकडे हे का नको? ऑर्डर रद्द झाल्याची नोंद पडताच हप्ता थांबला पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे.

आता दोन आक्षेप. पहिला बाहेरचा : 'ऐपत नव्हती तर घ्यायचा कशाला?' ज्यांच्या घरात लॅपटॉप बापाच्या पगारातून येतो त्यांनी हा प्रश्न विचारू नये. आज फॉर्म, क्लास, निकाल, मुलाखत सगळं ऑनलाईन आहे. लॅपटॉप चैन नाही, ती आजची पाटी-पेन्सिल आहे. आणि पैसेवाला कार्डावर घेतो तेव्हा त्याला 'स्मार्ट खरेदी' म्हणतात, आमची पोरं घेतात तेव्हा उधळपट्टी. हा दुजाभाव आपण ओळखतो.

दुसरा आक्षेप आपल्यातला : अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती एवढे प्रश्न असताना हे हप्त्याचं काय घेऊन बसलात? मित्रांनो, बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. कुळाने खोताच्या दयेवर जगू नये, त्याला कायद्याने हक्क मिळावा, हा त्यामागचा विचार होता. आर्थिक पिळवणूक त्यांनी कधीच दुय्यम मानली नाही. तथागतांनीही अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखं सांगितली, त्यात एक ऋणमुक्त असण्याचं सुख आहे. घेतलेल्या कर्जाचंही दुःख होतं. इथे तर वस्तू परत दिल्यावरही कर्ज राहतं.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे ते वापरू. ऑर्डर रद्द केली की त्याच दिवशी फायनान्स कंपनीलाही ईमेल करा, नुसता फोन नको. ऑर्डर क्रमांक, कर्ज क्रमांक, माल परत नेल्याची पावती जोडा. दुकानाकडून फायनान्सला पाठवलेल्या पैशांचा व्यवहार क्रमांक लेखी मागा. कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत विषय संपला असं समजू नका. रागाने बँकेतून हप्ता बंद करून गप्प बसू नका, त्याचा डाग तुमच्याच सिबिलवर पडतो.

दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. सिबिलवरची चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

त्या मुलीचं कर्ज शेवटी बंद झालं. दोन ईमेल आणि लोकपालाकडे एक तक्रार, एवढंच लागलं. पण त्याआधीचे तीन महिने ती एकटी होती. आपली खरी हार तिथे आहे. वस्तीत विहार आहे, दर रविवारी वंदना होते, शिकलेली पोरं जमतात. वंदनेनंतर एक तास टेबल मांडून बसा. कोणाचा हप्ता अडकलाय, कोणाला फोन येतायत, विचारा. तिथेच तक्रार लिहा. पाच-पन्नास तक्रारी जमल्या की त्या एकत्र बांधून खासदारांकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे पाठवा, मागणी एकच : खरेदी रद्द, तर कर्ज रद्द.

'संघटित व्हा' हे मोर्चापुरतं नाही. 'चूक माझीच आहे' म्हणत घरात कोंडून बसलेल्या पोरीच्या शेजारी जाऊन बसणं, हेही संघटनच आहे.

जय भीम!