धरण फुटल्याची आवई

जगबुडीच्या सिनेमांत माणसं पहिल्या दिवशी दुकानं फोडतात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या जिवावर उठतात. मला हे पटत नाही. सगळं संपलं असं खरोखर वाटलेली माणसं माझ्या घरातच होती.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, सुमारे 180 माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. इकडं खाली कराडजवळच्या आमच्या मलकापुरात हे कुणाला ठाऊक? अंधारात ओरड उठली, ‘धरण फुटलं!’ वडील सांगायचे, सगळी आळी आगाशिवाच्या चढाला लागली. पण त्याआधी गोठ्यातली दावी सोडली गेली. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याला चौघांनी घोंगड्याच्या झोळीत घालून वर नेलं. त्यातल्या दोघांचा त्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू होता. वर काटक्या पेटवल्या. ज्यानं भाकरी आणली होती त्यानं ती आधी पोरांना दिली, पोरं कुणाची ते कुणी पाहिलं नाही. दिवस वर आल्यावर पाटणकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं धरण शाबूत असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं लोक उतरले.

त्या लोकांकडं धीर होता, माया होती. नव्हती ती खरी बातमी.

जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ कथा मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी एका ठिकाणी अडतो. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार हे कळल्यावर शास्त्रज्ञ ते लोकांपासून लपवतात, कारण लोक घाबरतील. घाबरतीलच. पण बातमी दाबली की भीती कमी होत नाही, ती आवईच्या हाती जाते. 1962च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीनं, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्यानं जग बुडणार या आवईनं, देशभर यज्ञ पेटवले, ते अशाच भीतीपोटी.

आज बातमी दाबत नाहीत, पण ती कळेल अशी सांगतही नाहीत. पावसाळ्यात फोनवर येतं: कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं. कराडच्या पाटण कॉलनीतल्या बाईनं यातून काय समजायचं? पाणी किती वाजता, कुठल्या घरापर्यंत येणार? धान्याचं पोतं आत्ता हलवू की सकाळी? ही उत्तरं मिळत नाहीत आणि तेवढ्यात ‘धरणाला भेग पडली’ असा कुणाचा तरी आवाज मोबाइलवर फिरू लागतो. 2019च्या महापुरात कोरड्या गावांनी भाकऱ्यांच्या थप्प्या पाठवल्या. अशा लोकांना खरं सांगायला प्रशासनानं का कचरावं?

विसर्गाच्या आकड्यासोबत गल्लीचं नाव आणि वेळ सांगा. 2019चं पाणी कुठवर आलं होतं, त्या खुणा भिंतींवर रंगवा, म्हणजे ‘त्या खुणेच्या हातभर खाली’ एवढं म्हटलं तरी पुरेल. आणि दरवाजे उचलायचा निर्णय झाला की त्याच क्षणी गावच्या भोंग्यावरून सांगा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.