खाटेवांचून उपचार नाहीं काय?

मुलगी जेवत नाहीं अशी तक्रार घेऊन एखादी आई डॉक्टरकडे गेली, कीं तिला बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर मिळतें. वजन फारच उतरलें असेल तर 'दाखल करा'. नसेल तर 'लाड कमी करा, आपोआप खाईल'. या दोन उत्तरांच्या मध्यें जो विस्तीर्ण मुलूख आहे, तोच या रोगाचा खरा मुलूख होय. आणि तो आपण जवळजवळ ओसाड टाकला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

हा रोगच नव्हे, मोबाईल पाहून मुली बिघडल्या, असें म्हणणारांची बोळवण आधीं करूं. लंडनचे डॉ. गल व पॅरिसचे डॉ. लासेग यांनीं १८७३ सालीं या रोगाचें वर्णन केलें. त्यांच्या रोग्यांपाशीं मोबाईल नव्हता! आमच्याकडे तर त्यास उपवासाचें उत्तम पांघरूण मिळतें. मुलगी सोमवार, चतुर्थी, एकादशी पाळूं लागली कीं आजी कौतुक करते, आणि त्या कौतुकाआड मुलगी झिजत जाते.

दुसरा पक्ष म्हणतो, रोग आहे ना, मग ठेवा रुग्णालयांत. नाडी मंदावली, रक्तांतील पोटॅशियम उतरलें, तर खाट पाहिजेच. त्याबद्दल आमचा वाद नाहीं. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढविल्यास प्राणावर बेततें, तेव्हां आरंभीं जाणता माणूस जवळ हवाच. परंतु धोका टळल्यावरही महिनेच्या महिने तेथेंच ठेवून काय साधतें? परिचारिका उभी असते म्हणून मुलगी खाते. घरच्या ताटाशीं गांठ पडली कीं पुनः पहिलाच पाढा.

दिवसाच्या उपचारांत मुलगी सकाळीं येते. न्याहरी, दुपारचें जेवण व चहाच्या वेळचें खाणें ती आहारतज्ज्ञाच्या शेजारीं बसून करते. जेवणानंतर कांहीं वेळ सर्वांबरोबर बसते, म्हणजे ओकावयास न्हाणीघर गांठतां येत नाहीं. मधल्या वेळांत मानसोपचार. संध्याकाळीं घरीं. रात्रीची पोळी आईबापांनीं वाढावयाची, व ती टळली तर सकाळीं त्याचीच चर्चा. यास कोणी अर्धवट उपाय म्हणतात. जर्मनींत सहा केंद्रांत ११ ते १८ वर्षांच्या १७२ मुलींवर झालेला प्रयोग २०१४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला आहे. तीन आठवडे सर्वांस दाखल ठेवून पुढें कांहींना तेथेंच ठेवलें, कांहींना दिवसाच्या उपचारांवर घेतलें. वर्षाअखेर वजनांत दुसऱ्या मुली मागें पडल्या नाहींत. खर्च मात्र कमी आला.

आणि आमचा विमा? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनाच्या आजारास देहाच्या आजाराप्रमाणेंच विमा द्यावा असें बजावलें. पण पॉलिसी उघडून पाहा: सलग चोवीस तास दाखल असल्यावांचून बहुधा पैसा नाहीं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस सूट आहे. दिवसभर शेजारीं बसून वरणभात खाववण्यास नाहीं. म्हणजे दहावीच्या मुलीनें शाळा सोडून खाट अडवावी, नाहींतर बापानें पदरचें मोडावें!

या कामास लागतें काय? स्वयंपाकघर, एक लांब मेज, वजनाचा काटा, रक्त तपासण्याची सोय, आणि शिकविलेलीं चार माणसें. तेवढेंही जमेपर्यंत प्रत्येक जिल्हा रुग्णालयानें बाह्यरुग्ण विभागांत आठवड्यांतून एक दुपार या रोग्यांसाठीं राखावी व आईबापांस बरोबर बोलवावें. त्यासाठीं कोणत्याही पॉलिसीची वाट पाहावी लागत नाहीं.