'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचंय? तिन्ही पुस्तकं लगेच घेऊ नका

टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचण्याचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. नवख्यांना आज पहिला प्रश्न पडतो: पुस्तक कोणतं घ्यायचं?

गोंधळ कशामुळे?
'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने २०१४च्या नियमांची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ दरम्यान तीन पुस्तकांत आणली. अमेरिकेत प्रत्येकाची किंमत ४९.९९ डॉलर, म्हणजे तिन्हींचे सुमारे १५० डॉलर. शिवाय २०१४ची पुस्तकं अजून अनेकांच्या वापरात आहेत.

कोणाला काय लागतं?
'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पात्र कसं घडवायचं ते आहे, ते सगळ्यांच्या कामाचं. 'डंजन मास्टर्स गाइड' आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल' खेळ चालवणाऱ्या एकालाच लागतात.

फुकट काय मिळतं?
२०२३ मध्ये परवान्याच्या अटींवरून चाहते भडकले. त्यानंतर कंपनीने नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. २०२५ मध्ये सुधारित नियमांचंही तसंच झालं.

मग करायचं काय?
पहिले दोन-तीन डाव फुकटच्या नियमांवर खेळा. गट टिकला, तर सगळ्यांनी मिळून एक हँडबुक घ्या. त्याआधी आवृत्ती मात्र एकच ठरवा. नाहीतर खेळ कमी आणि वादच जास्त होतील.