रडणं ही बाळाची पहिली हाक नव्हे

काही दिवसांपूर्वी टार्निटमधल्या एका घरी आम्ही बाळ बघायला गेलो होतो. बाळ तीन आठवड्यांचं आणि आम्ही मोजून अकराजण. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, टोपडी असं सगळं रीतसर नेलं आणि बाळ हातोहाती फिरू लागलं. दुसऱ्या हातात गेल्यावर त्यानं मान वळवली. तिसऱ्या हातात जांभई दिली. चौथ्या हातात उचकी लागली, बोटं ताणून फाकली, आणि आम्ही त्या बोटांचं कौतुक करत बसलो. पाचव्या हातात त्यानं पाठीची कमान केली आणि घर डोक्यावर घेतलं.

मग आमची वैद्यकी सुरू झाली. कोणी म्हणालं भूक लागली, कोणी म्हणालं पोटात वात धरलाय, कोणी म्हणालं दृष्ट लागली. एका काकांनी "रडू दे हो, फुप्फुसं मोकळी होतात," असा निर्वाळा दिला. बाळंतीण दारात उभी होती. तिला कोणीच काही विचारलं नाही. शेवटी तिनंच बाळ घेतलं, आतल्या खोलीत नेलं, दिवा मालवला. थोड्या वेळानं घर शांत झालं.

परतताना गाडीत आमच्या लक्षात आलं की बाळानं चार वेळा "आता पुरे" म्हणून सांगितलं होतं. आम्ही पाचव्यांदा, ओरडल्यावर ऐकलं. आमच्यापैकी बहुतेकांनी दोन-दोन मुलं वाढवली आहेत, तरीही ऐकलं नाही. म्हणून हा विषय इथे काढावासा वाटला.

आपल्याकडे समज असा की बाळ रडून बोलतं. खरं तर रडणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो. भूक लागली की बाळ आधी चुळबुळ करतं, तोंड उघडतं, गालाला काही लागलं की तिकडे मान वळवतं, ओठ चोखतं, मूठ तोंडाकडे नेतं. या वेळी जवळ घेतलं तर ते निवांत पितं. रडून लाल झाल्यावर पाजायला गेलं तर त्याला नीट पकडता येत नाही, आई घाबरते, आणि "दूध पुरत नाही" अशी चर्चा घरात सुरू होते. झोप आली की नजर एका जागी लागते, जांभया येतात, हातपाय झटके दिल्यासारखे हलतात, मुठी वळतात. गडबड फार झाली की बाळ तोंड फिरवतं, उचक्या देतं, बोटं फाकवतं, अंग ताणतं. आणि खेळायचं असेल तेव्हा अंग सैल असतं, डोळे मोठे होतात, ते आपल्या तोंडाकडे टक लावून बघतं.

यातली कुठलीही एक खूण म्हणजे पक्का पुरावा नव्हे. मूठ तोंडात गेली म्हणजे दर वेळी भूकच असते असं नाही. सगळं बाळ बघायचं, शेवटचं कधी प्यायलं, कधीपासून जागं आहे ते आठवायचं, आणि एक गोष्ट करून बघायची. चुकली तर दुसरी. चुकणं हा शिकण्याचाच भाग आहे.

आता यात मतभेद कुठे आहेत? आपल्या घरांत दोन पक्ष असतात. गावाहून आलेली आजी म्हणते, आम्ही चार वाढवली, आम्हांला शिकवू नका. सून म्हणते, नर्सबाईंनी असं सांगितलंय आणि फोनमधलं अ‍ॅप म्हणतंय की अजून चाळीस मिनिटं भूक लागायची नाही. मध्ये मुलगा उभा. त्याला सकाळची गाडी पकडून सदर्न क्रॉसला जायचंय. या भांडणात बाळाकडे बघायचंच राहून जातं, असं आमचं मत आहे.

घड्याळ लावून बाळ वाढवण्याचा प्रयोग नवा नाही. न्यूझीलंडच्या डॉ. ट्रुबी किंग यांनी 1907 साली डनेडिनमध्ये बालसंगोपनाची चळवळ सुरू केली. तिची शिकवण होती की ठरलेल्या तासांनी पाजा, रात्री पाजू नका, उगाच उचलू नका. 1920च्या दशकात तीच पद्धत आपल्या शेजारी फुटस्क्रेच्या ट्वेडल संस्थेत आणली गेली. त्या चळवळीनं स्वच्छतेचं मोठं काम केलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण कितीतरी आयांनी बंद दाराबाहेर घड्याळाकडे बघत अश्रू ढाळले असतील. आज तीच ट्वेडल संस्था पालकांना बाळाच्या खुणा ओळखायला मदत करते. शंभर वर्षांत इतका फरक पडला. अशा वेळी आपण फोनमधलं घड्याळ पुन्हा पाळण्यावर टांगू नये.

"उचललं की सवय लागते" या भीतीचंही तसंच आहे. 1972 साली सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या दोघींनी अमेरिकेतल्या 26 मायलेकरांचं वर्षभराचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ज्या आयांनी सुरुवातीच्या महिन्यांत हाकेला लवकर ओ दिली, त्यांची मुलं वर्षाअखेरीस कमी रडत होती. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण पहिल्या काही महिन्यांत जवळ घेतल्यानं बाळ बिघडतं, असं आज कोणी जाणकार सांगत नाही.

आजींचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. प्रत्येक रडण्यावर चमच्यानं काहीतरी पाजायचं, ही आपली जुनी खोड. घुटी, मध, पाणी, ग्राइप वॉटर. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये आणि सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी लागत नाही, हे आता पक्कं ठरलेलं आहे. पण त्याच आजीला मालिश करताना, अंघोळीनंतर धुरी देताना बाळाच्या अंगाचा कडक-सैलपणा हाताला कळतो. ही जाण कुठल्या अ‍ॅपला नाही. आमचं म्हणणं एवढंच की आजीनं चमचा बाजूला ठेवावा, सुनेनं फोन बाजूला ठेवावा, आणि दोघींनी एकाच बाळाकडे बघावं.

हा नुसता लाडाचा विषय नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1990च्या दशकात 39 खेड्यांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांना शिकवलेल्या धोक्याच्या खुणा साध्या होत्या. रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, चोखणं कमी होणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार लागणं, छाती आत ओढली जाणं, बाळ सुस्त झाल्याचं आईनं सांगणं. अशा खुणांपैकी दोन दिसल्या की जंतुसंसर्ग धरून उपचार. तिथे दर हजारी 62 नवजात बाळं दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा 25च्या आसपास आला. 1999 साली हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा ताई याच वाटेनं घरोघरी जाऊ लागल्या. त्या यादीत आईचं सांगणं ही एक खूण होती, हे आम्हांला फार मोलाचं वाटतं. आई म्हणते "आज हा नेहमीसारखा नाही," तेव्हा तिला हसू नये.

इथे आपल्याला पुष्कळ सोयी आहेत. व्हिक्टोरियात पहिलं बालआरोग्य केंद्र 1917 साली रिचमंडला निघालं. आज ती सेवा प्रत्येक घराला मोफत आहे. बाळ घरी आल्यावर नर्सबाई स्वतः येतात आणि साडेतीन वर्षांपर्यंत एकंदर दहा भेटी असतात. पण आपण तिथे काय करतो? हिरवं पुस्तक पुढे करतो, वजन लिहून घेतो आणि प्रत्येक प्रश्नाला "ऑल गुड" म्हणतो. घरी मात्र आई तीन रात्री झोपलेली नसते. भाषेची अडचण असेल तर दुभाषी मागावा, त्याचे पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री 13 22 29 या नंबरावर नर्सबाई बोलतात. दुभाषी हवा असेल तर आधी 131 450 लावून तिकडे जोडून मागावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश किंवा वर ताप असेल तर मात्र वाट बघू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. अमेरिकेतले डॉ. ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास धडधाकट बाळंही दिवसातून पावणेतीन तासांच्या आसपास रडत होती, आणि पुढे ते आपोआप कमी झालं. म्हणजे सगळ्या खुणा वाचूनही काही रडण्यांना उत्तर नसतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. राग अनावर होऊ लागला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून खोलीबाहेर यावं, पाणी प्यावं, कोणाला तरी फोन करावा. बाळाला कधीही गदागदा हलवू नये.

तो फोन कोणाला करायचा, हा खरा प्रश्न आहे. खुणा वाचायला डोळे उघडे लागतात, आणि एकट्या बाईचे डोळे चोवीस तास उघडे राहत नाहीत. आजीच्या व्हिसाची मुदत संपते, त्या आठवड्यात टार्निटमधली कितीतरी घरं एकदम रिकामी होतात. तेव्हा बाबांनी "त्याला आईच लागते" म्हणून सुटका करून घेऊ नये. रोज संध्याकाळी एक तास बाळ त्यांच्याकडे असलं की महिन्याभरात त्यांनाही जांभई आणि भूक यांतला फरक कळतो. तो कळायला बाळंतीण व्हावं लागत नाही.

आणि मंडळानं काय करावं? आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, बाळ बघायला एका वेळी दोघातिघांनीच जावं, आधी विचारून जावं, डबा न्यावा, सिंकमधली भांडी घासावीत. बाळ आईनं दिलं तरच घ्यावं आणि त्यानं तोंड फिरवलं की परत द्यावं. दुसरी, गणपतीच्या कार्यक्रमाला ढोल सुरू झाला की तान्ह्या मुलांच्या आया गाडीत जाऊन बसतात. हॉलमधली मागची एक खोली त्यांच्यासाठी, मंद दिव्याची आणि चार खुर्च्यांची, राखून ठेवावी. सामान ठेवायला दुसरी जागा सापडेल.

त्या अकराजणांपैकी आम्ही तिघं पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या घरी गेलो. या खेपेला भाजी-पोळी नेली आणि बाळ मागितलं नाही. बाळंतीण दीड तास झोपली. बाळ आमच्यातल्या एकीच्या मांडीवर होतं. त्यानं मूठ तोंडाशी नेली, मान वळवली, ओठ चोखले. ते रडायच्या आत आम्ही त्याच्या आईला हाक मारली.

आपलं मत वेगळं असेल तर जरूर लिहून पाठवावं. पुढच्या अंकात छापू.