लव्हाळ्याच्या गाठी

उसाच्या रानात लव्हाळा खुरपला तरी काही दिवसांत पुन्हा वर येतो. पात निघते, मातीखालच्या गाठी राहतात. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मेंदूतला ग्लिओब्लास्टोमा हा कर्करोगही असाच वागतो, हे मात्र घरच्यांना क्वचितच नीट समजावले जाते.

या ट्यूमरमधल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. गर्भात मेंदू घडताना ज्या पेशींपासून पुढच्या चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी तयार होतात, त्या मूळपेशींचे गुण यातल्या काही कर्कपेशींत असतात. टोरांटोच्या संशोधकांनी २००४ मध्ये अशा पेशी एका खुणेवरून वेगळ्या केल्या. त्यातल्या शंभरच उंदराच्या मेंदूत सोडल्या, तरी नवा ट्यूमर वाढला. ती खूण नसलेल्या हजारो पेशींना ते जमले नाही. पुढे त्या खुणेवरून वाद झाले, पण मूळ कल्पना टिकली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस यांच्या गटानेही रुग्णाच्या ट्यूमरमधल्या पेशी वाढवून अशा कर्क-मूळपेशींवरचे काम २००७ मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांवरच्या २०१२ च्या प्रयोगात तर टेमोझोलोमाइडने भराभर वाढणाऱ्या पेशी मेल्या, सुस्त पडून राहिलेल्या वाचल्या आणि त्यांनीच ट्यूमर पुन्हा उभा केला.

ऑपरेशनने दिसणारा ट्यूमर निघतो. आसपासच्या मेंदूत शिरलेल्या पेशी सर्जनला दिसत नाहीत. म्हणून त्यानंतर साधारण सहा आठवडे, तीस वेळा रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ च्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी शंभरातले दहा रुग्ण हयात होते, गोळ्यांची जोड दिल्यावर सव्वीस. हा आकडा लहान वाटेल, पण आज हातात आहे तो एवढाच.

आणि नेमके इथेच उपचार सुटतात. डोकेदुखी थांबलेली असते, टाके वाळलेले असतात. ‘गाठ काढली, आता कशाला?’ असे घरात ठरते. जत किंवा माणमधून रोज मिरज, कऱ्हाड गाठायचे म्हणजे दिवस जातो. महात्मा फुले योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसत नाही. रेडिएशनच्या काळात जिल्ह्यात राहण्याची सोय करणे हे नव्या यंत्रापेक्षा स्वस्त काम आहे.

मूळपेशींचे नाव घेऊन ‘स्टेम सेल’ उपचार विकणाऱ्यांचा या संशोधनाशी संबंध नाही. इथे त्या पेशी द्यायच्या नसतात, मारायच्या असतात. नेमके त्यांनाच मारणारे औषध अजून बाजारात नाही. पुन्हा उगवलेला ट्यूमर बहुधा जुन्या जागेलगतच सापडतो, म्हणून उपचार संपल्यावरही दर दोन-चार महिन्यांनी एमआरआय करावा लागतो.