ऑफर लेटर घरी वाचून दाखवा

काही दिवसांपूर्वी अडतीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत दवाखान्यात आले. हिंजवडीत आयटीत नोकरी. डोकं जड राहतं, झोप लागत नाही, मध्येच छातीत धडधडतं, अशा तक्रारी. रक्तदाब १५०/९६. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला, तरी जवळपास तेवढाच. ईसीजी, शुगर, थायरॉईड सगळं ठीक.

"काही टेन्शन आहे का?" मी विचारलं.

"छे, उलट सगळं छान चाललंय. टेस्टिंग सोडून क्लाउडमध्ये गेलो, चांगली हाईक मिळाली, ऑफिसजवळ घर घेतलं."

पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे रात्री साडेबाराला जेवतात. मुलीला बाबा फक्त शनिवार-रविवारी भेटतात. नवीन शाळेची वेळ जमेना, म्हणून मी माझी नोकरी सोडली."

दोघंही खरंच बोलत होते.

१९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. त्या घटनेशी जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात, त्यानुसार प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०. लग्न ही तर आनंदाची गोष्ट! पण बदल चांगला असला तरी शरीराला जुळवून घ्यावंच लागतं.

आता या कुटुंबाचा हिशेब करू. वेगळ्या प्रकारचं काम ३६, आर्थिक स्थितीत बदल ३८, कामाच्या वेळेत बदल २०, घर बदललं २०, मुलीची शाळा बदलली २०, पत्नीने नोकरी सोडली २६, झोपेच्या सवयी बदलल्या १६. एकूण १७६. या मोजपट्टीवर वर्षभरात १५० च्या वर गेलं की आजारपणाची शक्यता वाढते असं मानतात. हे काही रोगाचं निदान नाही आणि यादीही जुनी आहे. पण घरात एकही वाईट घटना घडलेली नसताना आकडा इथवर पोहोचला, हे लक्षात घ्यायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी बदलण्याचा निर्णय आपण सीटीसी बघून घेतो, आणि तो बहुतेक वेळा एकटा माणूस घेतो. जुळवून मात्र सगळ्या घराला घ्यावं लागतं. म्हणून हा निर्णय जितका पैशांचा, तितकाच घराच्या तब्येतीचाही आहे.

"मग काय, आहे तिथेच कुजायचं?" असं कोणी विचारेल. अजिबात नाही. जिथे रोज अपमान होतो किंवा कामाला अंत नाही, तिथे चिकटून राहणंही तब्येतीला महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. नोकरी जरूर बदला, पण सही करण्याआधी घरी बसून या प्रश्नांची उत्तरं काढा:

१. परदेशातल्या टीमबरोबरचे कॉल किती वाजता असतील? आठवड्यातले किती दिवस?

२. रात्रीचं जेवण आणि झोप किती वाजता होईल? उशिरा जेवून लगेच आडवं झाल्याने अॅसिडिटी वाढते. अपुऱ्या झोपेने रक्तदाब आणि शुगर दोन्ही बिघडू शकतात.

३. जुन्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आई-वडील आहेत का? नोकरी सोडली की ते संरक्षण संपतं. नव्या ठिकाणी ते मिळणार का, की आधीच वेगळी पॉलिसी काढायला हवी?

४. घर, शाळा आणि नोकरी एकाच वर्षात बदलायलाच हवी का? एखादा बदल पुढच्या वर्षावर ढकलता येईल का?

५. या बदलासाठी जोडीदाराला काय सोडावं लागणार आहे? हे त्यांनाच विचारा, स्वतः गृहीत धरू नका.

त्या गृहस्थांना मी नोकरी सोडायला सांगितलं नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून लिहून आणायला सांगितलं, आठ वाजता जेवून मग कॉलवर बसायला सांगितलं, आणि आठवड्यातले दोन दिवस रात्रीचे कॉल नकोत असं मॅनेजरशी बोलून बघायला सांगितलं. औषधाचं आकडे बघून ठरवू.

उठता उठता मी पत्नीचाही रक्तदाब मोजला. १३८/९०. त्या म्हणाल्या, "मला काही होत नाही हो, मी तर घरीच असते."

त्यांनाही वही घालायला सांगितली आहे.