कूलकेशनचा मुहूर्त कोणता?

घरात परदेश सहलीचा विषय निघाला की पूर्वी स्वित्झर्लंड, पॅरिस, फार तर इटली एवढ्यावर चर्चा संपायची. आता त्यात नॉर्वेचे फ्योर्ड आणि बाल्टिक समुद्रातली क्रूझही डोकावू लागली आहे. आणि तारखा बघायचं, हवामान तपासायचं काम हमखास घरातल्या कॉलेजवाल्या मेंबरच्या गळ्यात पडतं, म्हणजे तुमच्या. तुम्ही मोबाइलवर ‘बर्गन, जुलै, तापमान’ असं शोधता, सरासरी १५ अंश असं उत्तर येतं आणि ‘जुलै बेस्ट आहे’ असं फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होता. पण लाखोंच्या खर्चाचा निर्णय एका सरासरीवर सोडणं सध्याच्या दिवसांत जरा धाडसाचंच आहे.

उत्तरेकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली, त्याला कारण आहे दक्षिण युरोपातला उकाडा. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर वणवे पेटले आणि सुमारे १९ हजार लोकांना, त्यात कितीतरी पर्यटकांना, हलवावं लागलं. स्पेन-इटलीत पारा चाळिशी ओलांडणं ही आता बातमी राहिलेली नाही. मग ‘उन्हाळ्यात थंडीकडे’ ही टूम निघाली आणि तिला ‘कूलकेशन’ असं नावही मिळालं. जाहिराती सुरू झाल्या, जहाजं उत्तरेकडे वळली.

आणि मग जुलै २०२५ उजाडला. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड तिन्ही देश दोन आठवड्यांहून जास्त काळ भाजून निघाले. फिनलंडमध्ये सलग २२ दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३० अंशांच्या वर होता. आपल्याला ३० अंश म्हणजे काहीच नाही, चंद्रपूरकर तर हसतील. पण तिथली घरं बांधली आहेत ती ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी. पंखा नाही, एसी नाही, आणि सूर्य मावळायचं नाव घेत नाही. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने लगेच अभ्यास करून सांगितलं, की हवामानबदलामुळे ही लाट सुमारे २ अंशांनी जास्त तापली आणि अशी लाट येण्याची शक्यता किमान १० पटींनी वाढली. थंडी शोधायला गेलेले पर्यटक घाम पुसत फिरले.

उलटा अनुभवही आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हान्स’ नावाच्या वादळाने नॉर्वे-स्वीडनमध्ये इतका पाऊस पाडला, की नॉर्वेतलं ब्रास्केरेइडफॉस इथलं धरण अंशतः फुटलं. म्हणजे एका वर्षी ऐन सीझनमध्ये पूर आणि दुसऱ्या वर्षी उष्णतेची लाट. यातून निघणारा सरासरीचा आकडा मात्र गोजिरवाणाच दिसतो. म्हणून फक्त सरासरी तापमान बघू नका. पावसाचे दिवस किती, वारा किती आणि उजेड किती तास, हे तीन प्रश्न त्याहून महत्त्वाचे.

फ्योर्डचंच घ्या. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्राचं पाणी शिरून या खाड्या तयार झाल्या. बर्गन हे त्यांचं प्रवेशद्वार आणि युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. वर्षभरात तिथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साधारण मुंबईएवढाच, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन दोनशेहून जास्त दिवस पुरवून पुरवून वापरतं. त्यातले त्यात कोरडे महिने म्हणजे मे आणि जून. शरद ऋतू सर्वांत ओला. दुसरी गोष्ट धबधब्यांची. सह्याद्रीतले धबधबे बघायला आपण जुलै-ऑगस्टमध्ये जातो, कारण त्यांना पाणी पावसाचं. फ्योर्डमधल्या धबधब्यांना पाणी मुख्यतः वितळणाऱ्या बर्फाचं. त्यामुळे त्यांचा भर मेअखेर आणि जूनमध्ये असतो. गायरांगर फ्योर्डमधला ‘सात बहिणी’ हा प्रसिद्ध धबधबा उन्हाळ्याच्या शेवटी बघायला गेलात, तर काही बहिणी माहेरी गेलेल्या असण्याची शक्यता दाट! हार्डांगर भागात सफरचंदाच्या बागा फुलतात तो मे महिना. जूनमध्ये बर्गनला सुमारे १९ तास दिवस असतो, पोटभर फोटो काढा. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथल्या लोकांच्या सुट्ट्या जुलैत असतात, त्यामुळे त्याआधी गर्दी आणि दर दोन्ही जरा कमी असतात. आपल्याकडच्या परीक्षाही मेपर्यंत बहुतेक आटोपलेल्या असतात. माझं मत विचाराल तर फ्योर्डसाठी मेअखेर ते जूनचा मध्य, जुलै नको.

बाल्टिकचं गणित वेगळं आहे. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, उथळ. इथे अटलांटिकसारख्या उंच लाटा सहसा उसळत नाहीत, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हा मार्ग बरा. जून ते ऑगस्ट केव्हाही चालेल. पण शांत समुद्र म्हणजे कायमचा शांत, असं समजू नका. ‘एस्टोनिया’ ही फेरी याच बाल्टिकमध्ये २८ सप्टेंबर १९९४ च्या वादळी रात्री बुडाली आणि ८५२ जण गेले. जाता जाता आणखी एक. जुन्या ब्लॉगांत बाल्टिक क्रूझचं मुख्य आकर्षण म्हणून सेंट पीटर्सबर्ग दिसेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि बड्या क्रूझ कंपन्यांनी ते बंदर वगळलं.

आता तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनातला प्रश्न, नॉर्दर्न लाइट्सचं काय? साधी गोष्ट आहे, त्यांना अंधार लागतो. ट्रॉम्सोमध्ये मे महिन्याच्या विशीपासून जुलैच्या विशीपर्यंत सूर्य मावळतच नाही. म्हणजे मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एकाच ट्रिपमध्ये मिळणार नाहीत, कुणी पॅकेज विकताना तसं सूचित करत असेल तर सावध व्हा. हे प्रकाश दिसतात साधारण सप्टेंबर ते मार्च, आणि नेमका तोच वादळांचाही काळ. मार्च २०१९ मध्ये ‘वायकिंग स्काय’ हे जहाज हेच प्रकाश शोधायच्या सफरीवर होतं. २३ मार्चला हुस्टाडविका या उघड्या, खडकाळ किनाऱ्याजवळ ऐन वादळात त्याची इंजिनं बंद पडली. इंजिनातल्या वंगणतेलाची पातळी कमी होती, हे नंतरच्या तपासात पुढे आलं. जहाजावर १,३७३ माणसं होती. त्यातल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. घाबरवायचा हेतू नाही, हुर्टिग्रुटेनची जहाजं १८९३ पासून याच किनाऱ्याने बारा महिने ये-जा करतात. पण लाइट्सच हवे असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. रात्री पुरेशा काळोख्या झालेल्या असतात, समुद्रात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि हिवाळी वादळांना अजून अवकाश असतो.

वाऱ्याचा मुद्दा आइसलँड, फॅरो, शेटलंड अशा बेटांसाठी फार मोलाचा. लहान बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून उतरावं लागतं. वारा वाढला की कॅप्टन ते बंदर सरळ गाळतो, तसा अधिकार त्याला तिकिटाच्या करारातच दिलेला असतो. पैसे परत मिळतीलच असं नाही. बारीक अक्षरांतल्या अटी बुकिंगआधी वाचा.

यात एक विचित्र चक्र आहे. उकाड्यापासून पळायला आपण ज्या जहाजात बसतो, ते स्वतः धूर सोडत उकाड्यात भर घालतं. गायरांगर हे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं गाव, आणि समोर हजारो प्रवाशांची तरंगती सोसायटी येऊन उभी राहते. दरी अरुंद असल्याने वारा नसला की धूर तिथेच रेंगाळतो. गायरांगर आणि नेरॉय फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. २०१८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठरवलं, की वारसा फ्योर्डमध्ये २०२६ पासून शून्य उत्सर्जनाचीच जहाजं येतील. प्रत्यक्षात १ जानेवारी २०२६ पासून हा नियम १० हजार टनांपेक्षा लहान प्रवासी जहाजांना लागू झाला. मोठ्यांना, म्हणजे ज्यांचा धूर जास्त त्यांनाच, २०३२ पर्यंत मुदत मिळाली. स्वालबार्डने मात्र जास्त ठाम भूमिका घेतली. तिथल्या संरक्षित क्षेत्रात २०२५ पासून जहाजावर २०० हून जास्त प्रवासी चालत नाहीत. त्यामुळे कधी जायचं याबरोबर कुठल्या आकाराच्या जहाजाने जायचं, हाही प्रश्न बुकिंगच्या वेळी घरात काढायला हरकत नाही.

महिना ठरला की तिथून उलटं मोजायला लागा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. म्हणजे जूनच्या क्रूझची फाइल जानेवारी-फेब्रुवारीतच तयार हवी. जहाज साउदम्प्टनहून सुटणार असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेल. आणि मार्ग नॉर्वेतून स्कॉटलंडला जाऊन परत नॉर्वेत येत असेल, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच मागा.